अस्सल गाडी

तुळपुळेंनी आजोबांच्या जुन्या मोटारीत मायक्रोकंट्रोलर बसवला. दिवे, हॉर्न, स्टार्टर, सगळं आता त्या तळहाताएवढ्या सर्किटच्या हुकमावर चालणार होतं. कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत त्यांना हा चमत्कार दाखवायचा होता.

परीक्षकांसमोर त्यांनी बटण दाबलं. इंजिन गप्प राहिलं, हॉर्न मात्र थांबेना. शेवटी हताश होऊन त्यांनी डॅशबोर्डखाली वाकून कुणाला दिसणार नाही असं सर्किट उपटलं आणि घामाघूम होत लोखंडी हँडल फिरवून गाडी सुरू केली.

परीक्षक भारावले. "हँडलवर सुरू होणारी गाडी आता कुठे दिसते? तुम्ही मूळ रूपाला हातही लावला नाहीत."

"सांगा ना, वर्षभर काय केलंत ते," शेजारी उभी त्यांची पत्नी पुटपुटली.

तुळपुळेंनी सर्किट खिशात टाकलं. पहिलं बक्षीस घेताना ते गहिवरून म्हणाले, "जुन्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स घुसवणाऱ्यांची मला कीव येते."