पहिल्यांदा ओढणाऱ्यासाठी

"ज्यांच्यासाठी घेताय ते पहिल्यांदाच ओढणार आहेत का?" दुकानदारानं विचारलं.

"तेच बघायचंय," बाई म्हणाल्या.

दुकानदाराला हे उत्तर झेपलं नाही. सिगारच्या दुकानात एकटी बाई आली की बहुतेक वेळा कुणाला तरी भेट द्यायची असते, आणि तिला त्यातलं ओ की ठो कळत नसतं. म्हणून त्यानं नेहमीची टकळी सुरू केली. नवख्याला सौम्य द्यावा, आखूड द्यावा, बाहेरचं पान फिकट तपकिरी बघावं. पोट भरलेलं असावं. धूर छातीत घ्यायचा नाही, नुसता तोंडात खेळवायचा, आणि नवखे नेमके तिथंच फसतात. छाती काढून येतात नि भिंत धरून जातात. त्यांच्यासाठी काउंटरखाली साखरेच्या वड्यांची बरणी ठेवलेलीच असते. एक वडी जिभेवर ठेवली की गरगरणं थांबतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सौम्य नको. तुमच्याकडचा सगळ्यात कडक द्या. ठसका लागायला हवा."

नवख्याला कडक सिगार द्यायचा नाही हा त्याचा नेम होता, आणि नेमाच्या बाबतीत तो भलताच हट्टी होता. त्यानं पेटीचं झाकण लावून टाकलं. तेव्हा बाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर काचेपलीकडे करड्या स्वेटरमधला त्यांचा नवरा रस्त्याकडे तोंड करून शांत उभा होता. बाईंनी आवाज खाली आणला. ह्यांचं ऑपरेशन साधं अपेंडिक्सचं होतं, त्या म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नव्हतं.

"टेबलावर हे थोडा वेळ गेले होते. डॉक्टरांनी परत आणलं. म्हणजे, कोणीतरी आलं परत."

दुकानदार हसणार होता, पण बाई पर्सचा बंद पिळत होत्या ते बघून त्यानं हसू गिळलं. बाई सांगत गेल्या: शेजारी कुणी पाला जाळला तरी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घेणारा त्यांचा नवरा. घरी आला आणि पहिल्याच जेवणानंतर त्यानं सिगार मागितला. वाईट वागतो असंही नाही. उलट फार नीट वागतो, पाहुण्यासारखा. स्वतःचं ताट स्वतः उचलतो, पाणी मागतानाही संकोचतो. पूर्वी उठताबसता 'अगं, अगं' करून बाईंचं डोकं उठवायचा. दवाखान्यातून आल्यापासून त्यानं त्यांना कशानंच हाक मारली नव्हती.

मुलगी म्हणते, आई, तुझ्या मनाचे खेळ आहेत. बाईंना ते खेळच हवे होते.

"एकदा ठसका लागू दे," त्या म्हणाल्या. "मग मी गप्प बसेन. पुन्हा हा विषय काढणार नाही."

दुकानदारानं नेम मोडला. तळाच्या फळीवरचा काळाकुट्ट सिगार काढला. पट्टीचे ओढणारेसुद्धा तो बसूनच ओढायचे. एव्हाना त्यालाही मनापासून वाटत होतं, की या माणसानं खोकावं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकावं.

नवऱ्याला आत बोलावलं. तो भिंतीजवळच्या खुर्चीत बसला. कसा ओढायचा ते सांगायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे दुकानदारानं नुसता सिगार, कातर आणि काडेपेटी पुढे ठेवली.

नवऱ्यानं सिगार कानाजवळ धरला, बोटांत हलकेच फिरवला आणि पान कोरडं वाजतंय का ते ऐकलं. मग बंद टोकावरची पानाची नखाएवढी टोपी तेवढी कापली. काडी ओढून आधी गंधकाचा वास उडून जाऊ दिला. ज्योत जरा लांब धरून सिगार सावकाश फिरवत राहिला, सगळी कड सारखी लाल होईपर्यंत. मग पहिला झुरका घेतला. धूर तोंडात ठेवला, डोळे मिटले आणि सोडून दिला.

बाई वाट बघत राहिल्या. दुसरा झुरका झाला, तिसरा झाला. राख झटकायची घाई नाही, काही नाही. ती पांढरी, अखंड, बोटाच्या पेरापेक्षा लांब वाढत गेली.

"काही जणांना उपजतच जमतं," दुकानदार म्हणाला. आजवर त्यानं पुष्कळ थापा मारल्या होत्या, पण इतकी लंगडी कधीच नाही. ती मारताना त्यानं बाईंकडे पाहिलं नाही.

खोली लहान होती. धूर छताला लागून खाली उतरू लागला. आणि मग ठसका आला, पण तो बाईंना. एकदा आला तो थांबेना. त्या काउंटरला धरून वाकल्या, कपाळावर गार घाम फुटला, आणि स्टूल चाचपत कशाबशा खाली बसल्या.

नवरा लगबगीनं उठला. सिगार त्यानं विझवला नाही. तो आपसूक विझावा म्हणून रक्षापात्राच्या कडेला अलगद टेकवला. मग तो काउंटरच्या मागे आला. दुकानदार का कोण जाणे, पण बाजूला सरकला. बरणीबद्दल त्या माणसाला कोणीच काही सांगितलं नव्हतं. त्यानं न बघता खाली हात घातला, ती काढली, झाकण उघडलं आणि साखरेची एक वडी तळहातावर घेऊन बाईंसमोर गुडघ्यावर बसला. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. इतक्या मायेनं त्यांच्याकडे फार वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

"घ्या, वहिनी," तो म्हणाला. "पहिल्यांदा असंच होतं. सवय होईल."