कोरं रक्त

चाचणीच्या पट्टीतला खळगा पिवळाधमक झाला तेव्हा सानवीला वाटलं, आपलाच क्रमांक चुकला. तिने चिठ्ठी पाहिली, वही पाहिली. नमुना एकेचाळीस. दर्शन. तिचा सख्खा भाऊ.

दुसऱ्या दिवशी तिने तीच चाचणी पुन्हा लावली. पुन्हा पिवळाधमक. भाट्ये गावातल्या चाळीस जणांच्या नमुन्यांपेक्षा गडद.

रत्नागिरीतल्या प्रयोगशाळेत तिचं काम डासांच्या लाळेवर चाले. डास रक्त ओढण्याआधी थोडी लाळ आत सोडतो, रक्त गोठू नये म्हणून. त्या लाळेतली प्रथिनं आपलं शरीर ओळखून ठेवतं. जितके डास चावले तितका चाचणीचा रंग गडद. चावणं थांबलं की काही महिन्यांत शरीर ती ओळख विसरत जातं.

तुलनेसाठी तिला कोरं रक्त हवं होतं. इतक्यात डास चावलेलाच नाही, अशा माणसाचं. कोकणात तसा माणूस मिळायचा कुठून? आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दर्शन घरी आला, अकरा महिने मालवाहू बोटीवर काढून. भर समुद्रात डास कुठले?

“दादा, तुझं रक्त दे थोडं,” ती म्हणाली होती.

“घे की! ताप नाही, खोकला नाही. खारवलेल्या बांगड्यासारखं टिकाऊ रक्त आहे माझं.”

आईच मध्ये पडली होती. “आत्ता कुठे उंबऱ्यात पाय ठेवलान त्याने. सुया कसल्या टोचतेस गो? शेजारच्या कुणाचं घे.”

आईचं, म्हणजे मथुराबाईंचं, सगळंच नेमाचं. लेक बोटीवर गेला त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला समुद्राच्या दिशेने एक दिवा, आणि तो घरी येईतो मासळी वर्ज्य. खाडीकाठच्या बाईने अकरा महिने मासळी सोडायची म्हणजे काय, ते खाडीकाठच्यांनाच ठाऊक. बंदर लागलं की दर्शनचा फोन यायचा. “जेवलास ना?” एवढंच त्या विचारायच्या. कुठलं बंदर, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

दुसऱ्यांदाही तोच रंग आला त्या संध्याकाळी सानवीने भावाला मागीलदारी गाठलं. तो नारळ सोलत होता.

“दादा, पावसाळाभर कुठे होतास?”

“बोटीवर. हे काय विचारणं झालं?”

“बोटीवर एवढे डास असतात?”

दर्शनने हातातला नारळ खाली ठेवला.

“बुरोंडीला,” तो म्हणाला. “कंपनीने बोट विकून टाकली, आम्हाला उतरवलं. शिमग्यातच परत आलो. तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.”

“अरे, मग घरी यायचं!”

“कुठल्या तोंडाने? अख्खी वाडी पोचवायला आली होती. आणि आईने माझ्यासाठी तोंडातला घास सोडलेला. ती इथे आमटीभात खातेय, माझ्या नावाने दिवा लावतेय, आणि मी चार तासांवर बसून बांगडे हाणतोय. हे तिला कसं सांगू?” “दिवाळीनंतर खरंच बोट मिळतेय मला. तेवढं सांभाळ सानू. तिला कळलं तर ती माझा एक शब्द खरा मानायची नाही पुन्हा.”

सानवी मान हलवून आत गेली.

मथुराबाई देवघरापुढे वाती वळत बसल्या होत्या. घटावर चौथी माळ चढली होती. सानवी त्यांच्या शेजारी टेकली.

“झाली का गो तुझी तपासणी?”

“झाली.”

“दर्शनचं काय आलं?”

सानवी आईशी कधी खोटं बोलली नव्हती. त्यात समोर घट बसलेले. पण मागीलदारचा तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

“शून्य,” ती म्हणाली. “अगदी कोरं. समुद्रात डास कुठले, आई?”

मथुराबाईंनी हातातली वात पुरी केली. तबकात ठेवली. कापसाचे तंतू पदराला पुसले.

“आता माझ्याकडे बघून सांग.”

सानवीला वर बघवेना. “सगळ्यांत जास्त आलंय,” ती पुटपुटली.

मागीलदारी पुन्हा नारळ सोलल्याचा आवाज सुरू झाला होता. मथुराबाईंनी तो क्षणभर ऐकला आणि लेकीच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, “त्याला सांग हो, आईला शून्यच सांगितलंय म्हणून. पण आषाढात बुरोंडीला जाऊन त्याच्या खोलीच्या मालकिणीकडे नाव न सांगता मच्छरदाणी देऊन आलेय मी. लावलीनच नाही गो मेल्याने!”