कोरड्या मैदानात पाणी

तिसऱ्या आणि शेवटच्या डावात दोरीवरचा रुमाल चार बोटं आपल्या बाजूला सरकलेला सासूबाईंना स्पष्ट दिसत होता. रस्सीखेचीत त्या सगळ्यांत मागे, दोरी कमरेभोवती घेऊन, टाचा मातीत रोवून उभ्या. वय एकाहत्तर. पुढे सातजणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. समोर खालच्या आळीचा संघ, आणि त्यांची म्होरकी दूधवाली. पाच वर्षं विजेत्यांची ढाल तिच्याच घरात टांगलेली.

"ओढा गं! जेवून आलात ना घरून?" सासूबाई ओरडल्या.

इतक्यात मैदानाच्या पायऱ्या उतरत सून धावत आली. नगरपालिकेत बागा, खेळ आणि गटारं ही तिन्ही खाती तिच्या एकटीच्या टेबलावर. ज्येष्ठांच्या या स्पर्धा तिनंच भरवलेल्या, दोरीसुद्धा तिनंच निवडून आणलेली. सासूबाई मात्र पाहुण्यांना "आमची सून बागा बघते" एवढंच सांगत. गटारांचा विषय निघाला की चहा ठेवायला उठत.

सून पंच म्हणून उभ्या खेळशिक्षकांना काहीतरी म्हणाली. त्यांनी शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली. पण शिट्टीसाठी दोरी कोण सोडणार? जी बाजू आधी सोडेल ती हरली. दोन्हीकडच्या बायकांना वाटलं, चूक समोरच्यांची झाली. सगळ्यांनी आणखी जोर लावला.

मग सून सरळ सासूबाईंच्या टोकाशी आली. हातात फोन, फोन चालूच.

"आई, मैदान रिकामं करायचंय. वर डोंगरात मुसळधार पाऊस लागलाय, मोठा नाला तुडुंब येतोय. खालच्या आळीत शिरायच्या आत नाल्याची झडप उघडून पाणी इथं घ्यावं लागेल."

सासूबाईंनी मान वर केली. लख्ख ऊन. झाडाचं पानसुद्धा ओलं नव्हतं.

"इथं थेंब नाही, आणि तू पूर आणतेस?"

"हे मैदान त्यासाठीच खोल खणलंय. एरवी खेळायचं, नाला भरला की पाणी साठवायचं."

"मग तुझ्या पाण्याला म्हणावं, दहा मिनिटं थांब. मी पाच वर्षं थांबलेय."

पंचांच्या मागे खुर्चीत बसलेले नगरसेवक उठून आले. "अहो मॅडम, एवढ्या उन्हात मैदान बुडवलंत तर लोक आपल्याला वेड्यात काढतील. डाव तरी होऊ द्या."

"काढू देत," सून म्हणाली.

फोनमधून झडपेवरच्या माणसाचा आवाज आला. "मॅडम, धोक्याच्या लाल पट्टीला वीतभरच राहिलंय. उघडू का?"

"मैदानात माणसं आहेत. मी सांगेपर्यंत हात लावू नका." मग ती वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, तुम्ही सोडलीत तरच या सगळ्या वर जातील."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. ही बाई घरात भांडी आपटत बोलते तेव्हा काळजीचं काही नसतं. आवाज असा खाली उतरला की माणसानं निमूट चपला घालाव्यात. इतक्या वर्षांत त्यांनी हा आवाज दोनदाच ऐकला होता, आणि दोन्ही वेळा ती खरी ठरली होती.

रुमाल आता जिंकायच्या रेषेपासून बोटभर. एक हिसका दिला की संपलं.

"सोडा गं!" सासूबाई गरजल्या.

"काय?"

"सोडा म्हणते ना! कानात बोळे घातलेत का?" आणि त्यांनी कमरेची दोरी स्वतःच्या हातानं काढून टाकली.

पलीकडच्या टोकाला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिकडच्या आठही जणी धाडकन मागे कोसळल्या, एकीवर एक. दूधवाली सगळ्यांत खाली. तिथूनच तिनं हात उंचावला. "जिंकलो! दोरी तुम्ही सोडलीत!"

"जिंकलात बाई, जिंकलात. आता उठ आणि पायऱ्या चढ. नाचायचं ते वर जाऊन नाच."

सासूबाईंनी एकेकीला दंडाला धरून वर हाकललं. दूधवालीला उठवायला दोघी लागल्या. सगळ्यांत शेवटी सून चढली. तिनं वळून मैदानभर नजर फिरवली आणि फोनमध्ये म्हणाली, "उघडा."

आधी काहीच झालं नाही. नगरसेवक हसायला लागले. मग समोरच्या भिंतीतल्या लोखंडी जाळीतून गढूळ पाण्याची जीभ बाहेर आली, मैदानावरची चुन्याची रेष पुसून गेली, आणि बघता बघता सगळ्यांत खालची पायरी दिसेनाशी झाली. मग तिच्या वरची. डोक्यावर तेच लख्ख ऊन.

चौथ्या पायरीशी पाणी थांबलं. फोन पुन्हा वाजला. सुनेनं ऐकून घेतलं आणि दूधवालीकडे वळून सांगितलं, "तुमच्या आळीत रस्त्यावर घोटाभर आलं, तेवढंच. घरात कुणाच्या शिरलं नाही."

वर आल्यावर पंचांनी ढाल दूधवालीच्या हातात दिली होती. ती घेऊन दूधवाली सासूबाईंपुढे आली. "वहिनी, ही तुम्हीच न्या."

"मला नको तुझी उष्टी ढाल. ने घरी. रिकामा खिळा भिंतीवर वाईट दिसतो."

मग त्या सरकल्या, पायरीवर जागा केली आणि सुनेचा हात ओढून तिला शेजारी बसवलं.

"आता मला एवढंच सांग," पाण्याकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पाणी किती वाजता आणणार आहेस? त्याच्या आत जिंकून घेते."