लाल दोरी

तिसऱ्यांदा कार्बोरेटर साफ करून हरेश्वरनं स्टार्टर दाबला. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायची ती जुनी चारचाकी बाईक नुसतीच घरघरली. प्लग बदलून झाला, बॅटरी बदलून झाली. अंगात ताप होता, पण हंगाम थोडाच थांबणार होता?

“अहो, पडा की जरा.” बायको पेज घेऊन अंगणात आली.

“ही चालू झाली की पडतो.”

मग तिनं कमरेला खोचलेली लाल दोरी पुढे धरली. टोकाला पिन होती. पर्यटक सुसाट सुटला, की मागून ती उपटून इंजिन बंद पाडायची सोय त्यानंच केली होती; पण तापाच्या भरात ती जागेवर नाही हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

“परवा मीच काढली. म्हटलं, गाडी बंद राहिली तर दोन दिवस निजाल तरी.”

रागवायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. त्यानं पेज संपवली आणि दोरी परत तिच्याच हातात ठेवली.

“उद्याही राहू दे तुझ्याकडंच.”