भीतीचा फासा

"पाण्यातनं हात वर आलाय. टाक भीतीचा फासा," अभिनंदन म्हणाला.

रविवारी दुपारी त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खेळ रंगायचा. गोष्ट अभिनंदननं सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. कमी आकडा पडला की आपला माणूस घाबरला. त्यानं पळायचं आणि कुणी त्याला बोल लावायचा नाही. मोठा पडला तर जागचं हलायचं नाही.

सम्राटला हा नियम फार आवडायचा. शिरोळच्या पुरात तो बुडणाऱ्या आदर्शला पाण्यात सोडून पळाला होता, आणि तिथं बोल लावायला अख्खा गाव होता. आज आदर्शच्या रिकाम्या खुर्चीवर त्याचीच धाकटी बहीण अनुजा पहिल्यांदाच खेळायला बसली होती.

सम्राटनं फासा टाकला. सहा पडला.

"घाबरला न्हाईस. थांब. हात जवळ यायलाय. टाक परत."

पुन्हा सहा. त्यानं फासा बदलला, तरी सहाच. आधी तो हसला, मग त्याला घाम फुटला.

"मला भ्या वाटालंय की रं! खरंच वाटालंय. जाऊ दे मला."

"ते तू न्हाई ठरवायचं, लेका. फासा ठरवणार," म्हणत अभिनंदननं भडंगाचा बकाणा भरला.

पायांना गार लागलं म्हणून सम्राटनं खाली पाहिलं. फरशीवर गढूळ पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं. अभिनंदनला त्याचा पत्ताच नव्हता.

अनुजानं मात्र आपले पाय हळूच वर खुर्चीवर घेतले.

"आता तरी थांब की, दादा," ती सम्राटकडं बघत म्हणाली.