बिनसाखरेचा डबा

"काका, साखर विसरला होतासा. मूठभर घातली मी. कुणाला सांगत न्हाय, जावा."

शेजारच्या अनुजानं हे इतक्या मायेनं सांगितलं की काय झालंय ते हंबीररावांना आधी कळलंच नाही. गाडी बाजूला घ्या म्हणून एक टेम्पोवाला बोंबलत होता, तेवढ्यापुरते ते रांगेतून बाहेर गेले होते. परत येऊन बघतात तर त्यांच्या डब्यातल्या ओट्समध्ये आणि किसलेल्या सफरचंदात पिठीसाखर पार तळापर्यंत कालवून झालेली.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. मैदा, डालडा, साखर घरून आणायची आणि बेकरीच्या भट्टीवर बिस्किटं भाजून न्यायची, हा सगळ्या पेठेचा रिवाज. रांगेत बायकाच बायका आणि मधे एकटे सत्तरीचे हंबीरराव. मग थट्टा व्हायचीच. "काका, म्हशीचं खाद्य भाजाय आणलंय व्हय?" असं एकीनं विचारलं, तेव्हा तेही हसले होते.

आता मात्र हसले नाहीत. "तुझ्या काकूसाठी होतं गं ते," एवढंच म्हणाले.

अनुजाचा हात तोंडावर गेला. चिमणाकाकूंना शुगर आहे हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोन महिन्यांमागं डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, तेव्हा दवाखान्यात डबा अनुजाच पोचवत होती. पण पुरुषमाणूस पीठ कालवून आलाय म्हणजे काहीतरी विसरलाच असणार, असं तिला वाटलं. तिचं एकटीचं कशाला, मागच्या चौघींनीही माना डोलावल्या होत्या.

हंबीरराव भट्टीच्या पायरीवर बसले. पुण्याच्या लेकीनं मोबाइलवर कृती पाठवली होती. लेक त्याला ओट्सचे बार म्हणते, हे वड्या म्हणतात. साखर नाही, गूळ नाही. ओट्स, सफरचंद, चार खजूर, बदाम आणि चिमूटभर मीठ. डॉक्टरीणबाईंनीही सकाळी एक वडी चालेल म्हणून सांगितलं होतं. जन्मात कधी चहा न केलेला माणूस, सफरचंदाबरोबर बोटही किसून बसला होता.

"सकाळचं काय खातच न्हाय ती," कुणाकडं न बघता ते म्हणाले. "बिस्किटं बंद झाल्यापासनं रुसलीया. परवा उपाशीपोटी गोळी घेतली आणि मोरीत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणतात, पोटात काय गेल्याबिगर गोळी द्यायची न्हाय. आज तिला काय चारू? मला भ्या वाटतंय गं."

त्या रांगेत एरवी कोण कुणाचं ऐकून घेत नाही. पण बायका रांग सोडून पायरीभोवती जमल्या.

बेकरीची मालकीण नजीरा गल्ल्यावरनं उठून आली. डब्यात बोट घालून तिनं चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "साखरेचं सोडा, काका. ओट्स भाजलंय कुठं? ह्याच्या वड्या न्हाय, भुगा हुईल. तीस वर्षं निम्म्या गल्लीचं पीठ काकूंच्या हातनं मळून येतंय हितं, आणि त्यांनाच विचारलं न्हाईसा?" मग अनुजाकडं वळून म्हणाली, "जा, नवं सामान घे आणि त्यांच्याकडं घेऊन जा. नंबर धरून ठेवतो मी."

चिमणाबाई कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. हंबीररावांच्या पुढं होऊन अनुजा दारातनंच म्हणाली, "काकू, मी माती केली." आणि रडतरडत सगळं सांगून मोकळी झाली.

चिमणाबाई उठून बसल्या. पट्टी बांधलेला पाय त्यांनी हळूच उशीवर ठेवला.

"तुला कुणी सांगितलं होतं हात घालाय? आणि तुम्ही! ओट्स न भाजता भट्टीवर गेलतासा? चार बायकांत माझं नाव घालवलंसा की! आणा ती परात हिकडं."

नावाचा प्रश्न आल्यावर रुसवा कुठला टिकतोय! अनुजानं ओट्स खमंग भाजले. हंबीररावांनी बोट सांभाळत सफरचंद किसलं आणि त्याबद्दलही दोन शब्द ऐकून घेतले. महिनाभर घरात आवाज नव्हता. आज शिव्या पडत होत्या, आणि त्यांना तेवढ्यानंच बरं वाटत होतं.

मळता मळता चिमणाबाईंनी चिमटीभर तोंडात टाकलं. "खजूर नीट वाटला न्हाईस," त्या अनुजाला म्हणाल्या. परत मळलं, परत चिमूट. "बदाम जरा बारीक पाहिजे होतं." आणखी एक चिमूट.

अनुजाचे डोळे मोठे झाले. "काकू, तुम्ही खाताय..." ती बोलणार तोच हंबीररावांनी मागनं तिची वेणी ओढली. 

"काय बघत उभारलासा?" चिमणाबाईंनी विचारलं.

"काय न्हाय. मीठ पुरतंय का बघ की."

"पुरतंय."

"चिमटीत काय कळतंय? जरा मोठा घास घेऊन बघ."

चिमणाबाईंनी लिंबाएवढा गोळा तोंडात टाकला आणि कपाळाला आठ्या घालून सावकाश चावला. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

"मला न्हाय वाटत," हंबीरराव म्हणाले. "अजून एकदा बघ."