आगोट भरलेलं घर

वादळ होऊन गेल्यापासून सरकारी ड्रोन रोज सकाळी मनोरमाच्या अंगणावर यायचा आणि तेच बोलायचा, "दोन महिन्यांचा साठा आढळला. तुम्ही स्वावलंबी आहात. अभिनंदन!"

"अभिनंदन घाल चुलीत!" मनोरमा ओरडायची. "ह्यांचं इन्सुलिन संपलंय!"

ड्रोनला ऐकू येत नव्हतं. भिंतीआडचं धान्य तेवढं दिसायचं. दरवर्षीसारखी मनोरमाने पावसाळ्याआधी आगोट भरली होती. तांदूळ, सुकट, कोकम, सगळं. शेजारच्या फिलूने काहीच भरलं नव्हतं, म्हणून तिच्याकडे ड्रोन रोज मदतीची पिशवी टाकायचा. आत सरकारी नोंदीप्रमाणे तिच्या प्रेशरच्या गोळ्यासुद्धा.

रस्ते वाहून गेले होते. घरात मनोरमाचा नवरा बाबल सारखा पाणी मागत होता.

फिलू कुंपणाशी आली. "काय गो, मला आळशी म्हणायचीस ना?"

"म्हणायचे. आता टोमणे नको मारूस, उपाय सांग."

"घर रिकामं कर. सगळं माझ्या पडवीत टाक."

दोघींनी पोती ओढत नेली. लोणच्याची बरणी देताना मनोरमाचा हात जरा अडखळला.

सकाळी ड्रोन आला. "साठा शून्य," म्हणाला आणि त्याने पिशवी टाकली. मनोरमाने ती दातांनीच फाडली. इन्सुलिन होतं.

ड्रोन फिलूच्या अंगणावर सरकला. "दोन महिन्यांचा साठा आढळला. अभिनंदन!" आणि गेला निघून.

फिलूने कपाळावर हात मारला. "आणि माझ्या गोळ्या?"

मनोरमा बाबलला सुई टोचून बाहेर आली. तिने पदर खोचला आणि पोत्याचं एक टोक धरलं.

"उचल गो. उद्या तुझी पाळी."